मूळ चाल म्हणजे कोणती?

नाट्यगीत-गायनाच्या स्पर्धेचा निकाल लागला की एक शेरा हमखास कानी येतो : "आवाज गोड आहे, पण मूळ चालीप्रमाणे म्हटले नाही." एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या एका वर्गभगिनीच्या वाट्याला हाच शेरा आला. 'स्वयंवर' नाटकातले रुक्मिणीचे यमन रागातील पद, 'नाथ हा माझा', तिने जरा संथ लयीत म्हटले होते. शब्दांना अवकाश दिला होता, ताना मोजक्याच घेतल्या होत्या. परीक्षकांच्या कानात एक जुनी ध्वनिमुद्रिका घट्ट बसलेली होती आणि तिच्याशी हे गाणे जुळत नव्हते, एवढाच काय तो तिचा अपराध. बक्षीस गेले याचे मला फारसे वाईट वाटले नाही. बक्षिसे येतात आणि जातात. परंतु तेव्हापासून तिने नाट्यपदे म्हणणेच सोडून दिले. "रेकॉर्डसारखे येत नाही, तर म्हणू तरी कशाला?" हे तिचे म्हणणे काही केल्या मनातून जात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मूळ म्हणजे नेमके कोणते, हे एकदा आपण सर्वांनी बसून ठरवावयास हवे. 'स्वयंवर' रंगभूमीवर आले ते १० डिसेंबर १९१६ रोजी. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या आणि रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्या रात्री जे गायले गेले तेच मूळ, असे म्हणावे तर ते कोणी मुद्रित करून ठेवलेले नाही, आणि ऐकणारेही आता उरले नाहीत. मग आपण ज्याला 'मूळ' म्हणतो ती प्रत्यक्षात आहे तबकडी. आणि तबकडी म्हणजे नाटक नव्हे, ही साधी गोष्ट स्पर्धेच्या धांदलीत आपण विसरून जातो.

तबकडी कशी तयार होत असे ते थोडे पाहू. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. बारा इंची असली तर चार-साडेचार मिनिटांचे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला. त्यापूर्वी गायकाने एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून किंवा बसून गायचे, आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ ओढी. आवाज लहान काढला तर रेघ उमटत नसे, फार मोठा काढला तर फाटत असे. तबला कर्ण्यापासून दूर ठेवला की ऐकू येईना, जवळ आणला की गाणे झाकून टाकी. आता दुसऱ्या बाजूला गंधर्व नाटक मंडळीचे रंगमंदिर डोळ्यांपुढे आणा. पायपेटीचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, अहमदजान थिरकवाँचा तबला. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चाललेले. आणि एकेका पदाला 'वन्समोअर' मिळाला की तेच पद पुन्हा, पण दर वेळी नव्या जागा घेऊन. हे सारे तीन मिनिटांत कसे बसणार? बसले नाहीच. जे बसले ते आपल्यापर्यंत आले.

बालगंधर्वांच्या तबकड्यांत लय पुष्कळदा चढी वाटते, आणि अंतरा झाल्याबरोबर गायक घाईघाईने मुखड्यावर येऊन थांबतो. ही घाई रुक्मिणीची नव्हे, भास्करबुवांचीही नव्हे. ती घड्याळाची आहे. परंतु आज आपल्या स्पर्धांतून मुले ती घाईसुद्धा प्रामाणिकपणे पाठ करून येतात! तबकडी संपत आली म्हणून गायकाने जी तान आवरती घेतली, तीच तान आपण शंभर वर्षांनंतर, समोर कसलेही घड्याळ नसताना, तिथेच तोडतो आणि त्याला परंपरा म्हणतो.

यापुढची गंमत तर फारच कमी लोकांच्या ध्यानी येते. त्या काळच्या सगळ्याच तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांच्या नसत. कोणी थोड्या संथ फिरवून मुद्रित केलेल्या, कोणी थोड्या जलद. पुढे त्या कोणी टेपवर आणि आता यूट्यूबवर चढविल्या, त्या हाती असलेल्या यंत्राच्या वेगाने. फिरण्याचा वेग शंभरात सहाने वाढला की स्वर जवळजवळ एका पट्टीने वर चढतो, म्हणजे पेटीवर काळी एकच्या जागी पांढरी दोन. लयही तेवढीच वाढते. एकाच पदाचे एकाच तबकडीवरून घेतलेले दोन नमुने ऐकावेत तर एकात बालगंधर्वांचा आवाज भरदार, दुसऱ्यात पातळ आणि बारीक, असे ऐकू येऊ शकते. आता यातले मूळ कोणते? "बालगंधर्वांचा आवाज ऐकला, पण काही खास वाटला नाही" असे म्हणणाऱ्या मित्रांनी तो आवाज ऐकला की यंत्राचा वेग ऐकला, याची एकदा खात्री करून घ्यावी.

एवढे सगळे म्हणूनही, मला या तबकड्या फार प्रिय आहेत हे सांगितले पाहिजे. कारण इतक्या अडचणीतूनही त्यांत जे टिकून राहिले आहे ते अस्सल नाट्याचे आहे. बालगंधर्वांचा शब्द कधीही तुटत नाही. एकच ओळ ते तीनदा म्हणतात आणि तिन्ही वेळा तिचा रोख वेगळा असतो. एकदा स्वतःशी, एकदा सखीशी, एकदा जणू सगळ्या जगाला सांगून टाकावे तशी. पुरुषाच्या कंठातून आलेली ती रुक्मिणी कर्ण्यातून, मेणातून आणि खरखरीतून पार होऊन आपल्यापर्यंत रुक्मिणीच म्हणून पोचते. परीक्षकांनी शोधायचे तर हे शोधावे. ताना जुळल्या की नाही हे मोजायला कुठलेही यंत्र पुरे.

कुमार गंधर्वांनी या बाबतीत आपल्याला मोठा आधार देऊन ठेवला आहे. बालगंधर्वांची पदे घेऊन त्यांनी जो कार्यक्रम बांधला, आणि ज्याचे ध्वनिमुद्रणही निघाले, त्याचे नाव त्यांनी ठेवले 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्या 'उमजलेले' या शब्दात सगळे आले. क्षयाच्या दुखण्यातून उठलेल्या कुमारांचा दमसास वेगळा, आवाज लावण्याची तऱ्हा वेगळी, तुकडे लहान लहान आणि टोकदार. बालगंधर्वांची एकही हरकत जशीच्या तशी उचलण्याचा त्यांनी आव आणला नाही. आमच्या वर्गभगिनीने केले ते याहून वेगळे काय होते? कुमारांना रसिकांनी डोक्यावर घेतले, तिला परीक्षकांनी खाली बसविले. अर्थात कुमार ते कुमार, हे कोणी मला सांगायला नको. अधिकाराचा प्रश्न आहेच. पण अधिकार मिळवायचा तो नक्कल करून की समजून घेऊन, इतकाच माझा सवाल आहे.

याच वाटेवर जयमाला शिलेदार आणि कीर्ती शिलेदार या मायलेकींचे गाणेही ऐकावे. त्या गंधर्वपरंपरेतल्याच, पण त्यांनी ही पदे वर्षानुवर्षे प्रत्यक्ष प्रयोगांतून, तोंडाला रंग लावून, समोर उत्तर देणारे पात्र उभे असताना गायिली. तो फरक कानाला कळतो. माझा कौल विचाराल तर रुक्मिणीच्या पदांसाठी पहिली तबकडी बालगंधर्वांची, त्यानंतर शिलेदारांची; आणि कुमारांचे गाणे हे या दोन्हींवरचे भाष्य म्हणून ऐकावे, स्वतंत्रपणे. आमच्या एका सरांना हा क्रम मुळीच मान्य नाही. ते कुमारांना पहिले ठेवतात. आमचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटू नये असेच मला वाटते.

'मानापमान'कडे वळले की 'मूळ' या शब्दाची आणखीच पंचाईत होते. हे नाटक १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पुढे १९१८ साली निघालेल्या बळवंत संगीत मंडळीतून मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी धैर्यधर गाजविला, आणि त्यातील काही पदांना त्यांनी आपल्या स्वतःच्या, पंजाबी वळणाच्या, झेपा घेणाऱ्या चाली दिल्या. आज मैफलींतून आणि स्पर्धांतून ही पदे म्हटली जातात तेव्हा आदर्श म्हणून समोर असते ती बहुधा दीनानाथांची तबकडी. म्हणजे ज्याने मूळ चाल मोडली, त्याचीच चाल कालांतराने मूळ ठरली! दीनानाथांनी आपल्या स्पर्धेत भाग घेतला असता तर त्यांनाही तोच शेरा मिळाला असता, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

आशा भोसले यांनी वडिलांची ही पदे पुढे ध्वनिमुद्रित केली. मुद्रण स्वच्छ, वाद्ये भरपूर, गळा असा की कोणतीही जागा अवघड म्हणून सोडलेली नाही. ऐकताना मन थक्क होते. परंतु धैर्यधर हा निधड्या छातीचा गरीब शिपाईगडी आहे. श्रीमंतांच्या भामिनीने त्याचा अपमान केलेला आहे आणि तो अपमान त्याला आतून जाळतो आहे. दीनानाथांच्या तबकडीत खरखरीच्या पलीकडून तो दुखावलेला ताठा ऐकू येतो. आशाबाईंच्या गाण्यात तो नाही. तिथे एका थोर गायिकेने पित्याला वाहिलेली पूजा आहे. हा काही दोष नव्हे. पद नाटकातून बाहेर पडून स्वतःच्या पायांवर उभे राहिले की असेच व्हायचे. फक्त ते नाटकातले पद राहिलेले नाही, एवढे आपण ओळखून असावे.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. नाटकासाठी केलेले संगीत नाटकाला सोडून ध्वनिमुद्रिकांतून जगभर गेले, याचे एक नमुनेदार उदाहरण फ्रान्समधले आहे. आल्फाँस दोदे याच्या 'लार्लेझिएन' नाटकासाठी जॉर्ज बिझे या संगीतकाराने अवघ्या २६ वादकांच्या ताफ्यासाठी संगीत रचले. १ ऑक्टोबर १८७२ रोजी पॅरिसमध्ये नाटक लागले आणि सपशेल पडले. संवादांच्या खाली हळूच वाजणारे, पात्राच्या एका वाक्यापुरते येऊन विरून जाणारे असे ते संगीत होते. बिझेने त्यातले चार तुकडे निवडून मोठ्या वाद्यवृंदासाठी पुन्हा बांधले, आणि ते महिन्या-दीड महिन्यातच मैफलीत गाजले. १८७५ साली बिझे वारला. त्यानंतर १८७९ मध्ये त्याचा मित्र एर्नेस्त गिरो याने दुसरी मालिका तयार केली, आणि तीत बासरी व हार्प यांचा एक अतिशय गोड तुकडा घातला. जगभर 'लार्लेझिएन' म्हणून हा तुकडा अगणित वेळा वाजला असेल. पण तो त्या नाटकातला नाहीच! तो बिझेच्याच एका वेगळ्या संगीतिकेतून उचललेला आहे. बड्या वाद्यवृंदांच्या भरघोस ध्वनिमुद्रिका ऐकायच्या की २६ वादकांचे मूळचे कृश संगीत ऐकायचे, यावर तिकडचे रसिक आपल्यासारखेच भांडू शकतात. मी स्वतः दोन्ही ऐकून पाहिले. मोठ्या वाद्यवृंदात वैभव आहे, पण लहान ताफ्यात एकेक वाद्य पात्रासारखे बोलते. नाटक म्हणून विचाराल तर मला लहानच जवळचे वाटले.

त्या फ्रेंच तुकड्यासारखी गंमत आपल्या डोळ्यांदेखत घडली आहे. २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली'वर चित्रपट निघाला. त्याने आपल्या वयाच्या असंख्य मुलांना नाट्यसंगीताची गोडी लावली, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु त्यातील 'सूर निरागस हो' आणि 'मनमंदिरा' ही गीते चित्रपटासाठी नव्याने केलेली आहेत. नाटकात ती नव्हती. नाट्यगीत-स्पर्धेत ही गीते 'कट्यार'मधील नाट्यपदे म्हणून बिनदिक्कत सादर होताना मी ऐकली आहेत, आणि त्यांना कोणी "मूळ चालीत नाही" असे म्हटल्याचे मात्र ऐकले नाही. म्हणतील कसे? त्यांना मूळ चालच नाही!

'कट्यार'विषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे; कारण ध्वनिमुद्रण कसे ऐकावे याचा धडा या नाटकानेच घालून दिला आहे. बालगंधर्व गेले १५ जुलै १९६७ रोजी. त्याच वर्षी २४ डिसेंबरला हे नाटक आले. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे. जुन्या नाटकांत पन्नास-पन्नास पदे असत. अभिषेकींच्या काळात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाली आणि त्यामुळे प्रत्येक पदाला नाटकात काहीतरी काम करावे लागले. यात 'घेई छंद मकरंद' हे पद दोन वेगवेगळ्या चालींत येते. एक सालगवराळी रागातली, शांत, पंडितजींच्या गायकीच्या वळणाची. दुसरी धानी रागातली, वसंतरावांच्या गळ्यातली, खाँसाहेबांची. शब्द तेच. पहिल्या चालीत भुंगा फुलावर अलगद बसतो असे वाटते. दुसरीत तो फुलावर तुटून पडतो. दोन घराणी, दोन स्वभाव आणि त्यांतले वैर, हे सगळे नाटक या दोन चालींच्या मधल्या जागेत आहे.

आता यातली मूळ चाल कोणती? हा प्रश्नच इथे निरर्थक ठरतो. आणि आपण करतो काय? वसंतरावांचे धानीतले पद तेवढे मोबाईलवर ठेवतो, त्याच्या ताना पाठ करतो आणि दुसऱ्या चालीकडे ढुंकूनही पाहत नाही. वसंतराव मलाही वेड लावतात. दीनानाथांनंतर इतक्या बेदरकारपणे गाण्यात उडी घेणारा नट-गायक माझ्या ऐकण्यात नाही. पण एकटे ते पद ऐकणे म्हणजे भांडणातल्या एकाच माणसाचे बोलणे ऐकून निकाल देणे होय. सदाशिव कोणाचा शिष्य आणि कोणाच्या दारात गाणे शिकायला येऊन उभा आहे, हे ठाऊक नसेल तर खाँसाहेबांच्या त्या तडफेतली असूया आणि आतला पश्चात्ताप कळणार कसा?

येथे कोणी म्हणेल, "मग नाटकच जाऊन पाहा ना!" हे सांगणे पुण्या-मुंबईच्या माणसाला सोपे आहे. आपल्यापैकी कितीजणांनी संगीत नाटकाचा एखादा तरी पूर्ण प्रयोग पाहिला आहे? कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा ठाण्याचे गडकरी रंगायतन गाठायचे, तिकिटाचे पैसे काढायचे, आणि प्रयोग संपल्यावर आसनगावची लोकल मिळेल की नाही या चिंतेत शेवटचा अंक पाहायचा. ही झाली शहापूरकरांची कथा. मुरबाड, सरळगाव, टोकावडे येथल्या मुलांची शेवटची एस.टी. तर दुसरा अंक रंगात येण्यापूर्वीच सुटलेली असते. आपल्याला नाटक भेटते ते ध्वनिमुद्रिकेतूनच. म्हणून तर ती कशी ऐकावी हा प्रश्न शहरातल्या मुलांपेक्षा आपल्याला अधिक जिव्हाळ्याचा आहे.

आणि एक गोष्ट आपल्याजवळ अशी आहे की जी त्यांच्याजवळ नाही. आपल्या गावागावांतल्या भजनी मंडळांत नाट्यपदांच्या चाली पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. अभंग तुकोबांचा आणि चाल कुठल्याशा नाटकातली, हे आपल्याकडे कोणाला नवल वाटत नाही. उलट प्रवासही झालेला आहे : १९३१ साली 'कान्होपात्रा' नाटक आले, मास्टर कृष्णरावांनी चाली दिल्या आणि 'अगा वैकुंठीच्या राया' हा अभंग बालगंधर्वांच्या तोंडी भैरवीत घराघरांत पोचला. आमच्या गावचे भजनी बुवा हा अभंग म्हणतात. त्यांनी तो लहानपणी रेडिओवर ऐकून उचलला. ते तान घेत नाहीत, गिरकी घेत नाहीत. लय पुष्कळ खाली आणतात, कारण मागे धरणाऱ्या दहा-बारा जणांना, त्यात दिवसभर भाताच्या लावणीत वाकून आलेल्यांना, ती ओळ सहज उचलता आली पाहिजे. पखवाजवाला त्यांच्या तोंडाकडे बघून ठेका सोडतो. परीक्षकांच्या हिशेबाने यात मूळ काहीच उरलेले नाही. पण बुवांच्या गाण्यात कोणीतरी कोणालातरी खरोखर हाक मारीत असते आणि मागून उत्तर येत असते. मृत्यूच्या दारात उभी राहिलेली कान्होपात्रा विठ्ठलाला जे विनविते त्याच्याशी या गाण्याचे नाते मला अधिक जवळचे वाटते. तबकडीबरहुकूम घोटून आणलेल्या गाण्याहून निश्चितच जवळचे.

तेव्हा आपल्या वाङ्मय मंडळाला आणि सांस्कृतिक विभागाला माझे काही सुचविणे आहे. महाविद्यालयाच्या नाट्यगीत-स्पर्धेत प्रत्येक स्पर्धकाने पद म्हणण्याआधी ते कोणत्या नाटकातले, कोणाच्या तोंडचे आणि कोणाला उद्देशून आहे, हे दोन वाक्यांत सांगावे. 'मूळ चालीशी जुळणे' हा गुणांचा रकाना काढून टाकावा. महिन्यातून एखाद्या शनिवारी तास संपल्यावर एका पदाची तीन-चार ध्वनिमुद्रणे एकापुढे एक लावून ऐकावीत. त्याला खर्च काही नाही, एक बरा ध्वनिवर्धक पुरे. कुमारांना पहिले ठेवणारे आमचे सर त्या दिवशी वाद घालायला येणार आहेतच.

आणि येत्या स्नेहसंमेलनात सुटी नाट्यगीते म्हणण्याऐवजी 'स्वयंवर'चा एक प्रवेश तरी उभा करावा. पेटी आहे, तबला आहे, शेजारच्या गावातून पखवाजही मिळेल. ऑर्गन नाही, त्यावाचून भागेल. रुक्मिणी कोणी व्हायचे ते मी आमच्या वर्गभगिनीला विचारून ठेवले आहे. ती अजून हो म्हणालेली नाही; पण तिने नाटकाची संहिता वाचनालयातून नेली आहे.